सवतीचं इंजिन

जुम्म्याची नमाज आटोपून अयूबभाऊ घरी परतले तेव्हा कडुनिंबाखाली दोन गाड्या उभ्या होत्या. दोन्ही पांढऱ्या. एक त्यांच्या धाकट्या भावाची, अकरमची, वरोऱ्याहून सकाळीच आलेली, काचेवरचं कंपनीचं स्टिकरही अजून न काढलेली. दुसरी त्यांची स्वतःची. तिचं बॉनेट उघडं होतं आणि आत बघायला आता कोणी वाकत नव्हतं. झिंगू मिस्त्रीने निकाल सांगून तीन-चार दिवस झाले होते. इंजिन जाम. सगळं नवं टाकायचं तर लाखाच्या घरात.

लाख या घरात नव्हते. होते ते अयूबभाऊंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला गेले होते.

कनीजने जेवणासाठी दस्तरखान पसरला. दीर येणार म्हणून तिने मटणात वांगी घातली होती, आणि भात या हंगामाच्या नव्या तांदळाचा. ती वाढत होती, पण तिचं लक्ष अकरमकडे होतं. लग्न होऊन ती वडशाला आली तेव्हा हा शाळेत जायचा. मनात काही दडवलेलं असलं की हा आधी पाणी पितो, हे तिला तेव्हापासून माहीत होतं. आज त्याने बसल्याबसल्या दोन पेले रिकामे केले.

"भाईजान, मी एका भंगारवाल्याशी बोललो," अकरम म्हणाला. "आहे तशी उचलते म्हणते. क्रेन घेऊन येते. आपल्याले हातही लावा लागत नाई."

मोहसीनचा घास हातातच राहिला. "अन् सीझन? दिवाळी झाली चाचा. पंधरा दिवसात नाटकं चालू होतीन. बिरजूभाऊच्या कंपनीले अब्बानं जबान देल्ली आहे."

"जबानीनं इंजिन फिरते का?"

दरवर्षी हिवाळ्यात वडशातल्या नाटक कंपन्या झाडीपट्टीच्या गावोगावी मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, निघत. संध्याकाळी कलाकार न्यायचे, रात्रभर नाटक, उजाडता परत आणायचे. चौदा वर्षं ही गाडी बिरजूच्या सोनसळी रंगभूमीचे कलाकार वाहत होती. आधी अयूबभाऊ चालवत. गुडघा गेल्यावर मोहसीन चालवू लागला. हंगामाच्या चार महिन्यांवर घराचं वर्ष निघायचं. नवऱ्याच्या इतक्या हिवाळ्यांतल्या रात्री जिने नेल्या तिला कनीज 'सवत' म्हणायची, आणि शेजारीपाजारीही आता विचारायचे, काय वो कनीजबाई, सवत कुठी गेली आज?

"तुले थांबाचं होतं मोहसीन," अकरम म्हणाला. "रेडिएटरचा पाइप फुटला तं गाडी थांबवते माणूस. शिकाऊ ड्रायव्हरलेही समजते हे."

"मलेही समजत होतं. काटा लालमध्ये गेला तवाच समजलं का इंजिन जाते आता. जवळचं सारं पाणी ओतून झालं होतं. जंगलात फोन लागत नव्हता. मांगं ललिताबाई वरडून राह्यली होती, तिची सासू तिले धरून बसली होती. मी काय काट्याकडे पाहत बसू?"

कोरचीच्या पुढे जंगलात कोसमटोला नावाचं गाव आहे. तिथल्या पोचूची सून ललिता त्या दिवशी कळा देत या गाडीत होती. दवाखान्याच्या फाटकात गाडीने एकच ठोका दिला आणि बंद पडली. थोड्या वेळाने आत पोरगी जन्मली.

अकरमने पानातला भात बोटाने उगाच गोळा केला. "तू बरोबर केलं. चूक केलं असं मी नाई म्हणत. पण बरोबर केलं म्हणून इंजिन कोणी फुकटात बांधून देत नाई ना बेटा. मायासंग वरोऱ्याले चल. सरकी-ढेपच्या दुकानात मले घरचा माणूस पाह्यजे. पगार देतो, राहाले खोली देतो. अजून काय करू मी?"

त्याच्या आवाजात खोट नव्हती. अयूबभाऊ मान खाली घालून जेवत होते. कनीजला ती मान ओळखीची होती. ते हो म्हणायच्या वाटेवर होते.

"भाबी, तुमीच सांगा," अकरम तिच्याकडे वळला. "या गाडीचा सगळ्यात जास्त ताप तुमाले झाला. जाऊ द्या ना एकदाची."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"आधी जेवा," कनीज म्हणाली आणि तिने त्याच्या ताटात मटण वाढलं.

निशात मागच्या खोलीत होती आणि तिला सगळं ऐकू येत होतं. तिच्या मांडीवर राजाचा कोट होता. लाल मखमल, सोनेरी जर, आत अस्तर पार कुजलेलं. सोनसळीचे कपडे दरवर्षी दुरुस्तीला तिच्याकडे येत. माजरीचं सासर सुटून ती माहेरी आली तेव्हापासून हेच काम होतं. ती फार बोलत नसे. घरातले तिला फार विचारत नसत. त्यांना वाटे, विचारलं की ती रडेल. खरं तर तिचं रडून कधीच झालं होतं. आता तिला बाहेर पडायचं होतं, आणि ते कोणाला कसं सांगावं हे तिला समजत नव्हतं.

बाहेर चाचाने पुन्हा क्रेन म्हटलं. निशातने सुई कोटात खोचली आणि कोट हातात घेऊनच ती बाहेर आली.

"अब्बा, मी काल झिंगू मिस्त्रीकडे गेली होती."

"कायले?"

"त्यानं लाख सांगतले ते सगळं नवं टाकलं तं. मी म्हटलं, जुनं काय काय चालते ते सांगा. तो म्हणे, ब्लॉक चांगला आहे, नागपूरले मशीनवर बोअर करून आणा. पिस्टन-रिंगा नव्या लागतीन. क्रँक घासून चालते. हेडही घासून चालते. बाकी सगळं खोलाचं, धुवाचं, सील बदलून पुन्हा बसवाचं. खोलाची अन् धुवाची मजुरी मोठी आहे. ते आपण घरीच केलं, तं अर्ध्याहून कमीत होते."

अकरमला हसू आलं. "तू कवापासून मिस्त्री झाली?"

"मिस्त्री नाई झाली. विचारून आली." तिने कोट उलटा करून दाखवला. "हे पाहा. अस्तर गेलं, कपडा शाबूत आहे. आता हा फेकू का मी?"

मोहसीन ताटावरून उठलाच. "आपा, खोलतो मी! खोलाले मले येते. झिंगूभाऊनं फक्त बसवतानी उभं राहाचं."

"अन् अर्धे कुठून आणशील?" अकरम म्हणाला. "अर्धे तं अर्धे, आहेत का?"

नव्हते. मोहसीन परत खाली बसला.

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. "अयूबभाऊ, आहा का गा घरी?"

पोचू आणि त्याची बायको सोमारी आले होते. पोचूच्या खांद्यावर नव्या तांदळाचं गाठोडं, सोमारीच्या काखेत पाय बांधलेला कोंबडा. नमस्कार-चमत्कार होण्याआधीच सोमारी गाडीपाशी गेली आणि उघड्या बॉनेटवर तिने हात ठेवला, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.

"थंड पडली वो बाई," ती कनीजला म्हणाली.

"पोरगी कशी आहे?" कनीजने विचारलं.

"बुधवारी झाली म्हणून बुधरी नाव ठेवलं. पण कोणी म्हणते का बुधरी? सारा टोला मोटारीबाई म्हणते. मोटारीबाई रडली, मोटारीबाई झोपली. तिच्या आवाजानं शेजारचे उठून बसतेत."

निशात हसली. चांगली मोठ्याने हसली, आणि कनीजने कोंबडा घेता घेता लेकीकडे वळून पाहिलं.

चहा झाला. सोमारीने पदराची गाठ सोडायला घेतली तसे अयूबभाऊ पुढे झाले. "ते ठेव बाई. बाळंतिणीले तूप घे त्याचं."

"गाडी आमच्यापायी गेली."

"गाडी गाडीच्या कामानं गेली. ठेव म्हटलं ना."

सोमारीने नवऱ्याकडे पाहिलं. पोचूने घसा साफ केला. "बरं, मंग दुसरी गोष्ट. मी आज वडशाले खाली हातानं नाई आलो. आमच्या गावची मंडई आहे, नाटक ठरवाचं आहे. मंडळानं मलेच पाठवलं. तुमची गाडी ज्या कंपनीत चालते, तिचंच नाटक घेतो म्हटलं. आमच्या गावाले तुमच्याच गाडीतून कलाकार उतरले पाह्यजे."

"गाडीच नाई ना काका," मोहसीन म्हणाला. "तेच तं लफडं आहे."

पण निशातने तोवर फोन लावला होता. "बिरजूभाऊ, तुमाले कोसमटोल्याचं नाटक पाह्यजे का? पाह्यजे तं आमच्या घरी या. आत्ता या."

बिरजू आला तो मोटारसायकल बंद न करताच बोलू लागला. सोनसळीचा मालक, राजाचं काम करणारा, आणि हंगामाच्या तोंडावर घाबरून गेलेला माणूस. अकरम खुर्चीवर बसून त्याच्याकडे पाहत होता. आयुष्यभर शेतकऱ्यांशी आणि गिरणीवाल्यांशी भाव करून त्याला एक गोष्ट यायची. समोरच्याची अडचण कुठे आहे, हे तो बोलण्याआधी ओळखायचा. बिरजूला गाडी हवी होती हे तर उघडच होतं. पण अजून काहीतरी होतं.

"कोसमटोला घेतो, पोचूभाऊ. मंडईतला प्रयोग कोण सोडते? अन् अयूबभाऊ, मी दुसरी गाडी पाहून ठेवली होती, पण तो ड्रायव्हर मधीच दारू पेते. तुमचं इंजिन बनत असंन तं मी सीझनचा ॲडव्हान्स आजच देतो. पण..."

"पण काय?" अकरमने विचारलं.

"माझा कपडेपटवाला सोडून गेला. दुसऱ्या कंपनीनं फोडला. आता रोज वीस जणाचे कपडे, दागिने, मुकुट कोण सांभाळंन? मागच्या साली राणीचा शालू प्रयोगाच्या आधी फाटला तं प्रधानानं तो सुतळीनं शिवला. लोक हासले ना भाऊ, राणीच्या मरणाच्या सीनले!" तो निशातकडे वळला. "हे कपडे सारे निशातबाईच्या हातचे आहेत. त्यांनी सीझनभर कपडेपट घेतला तं त्याईचाही ॲडव्हान्स संगच देतो. दोन्ही मिळून तुमचं इंजिन निघंन."

अंगणात कोंबडा पाय झटकत होता.

"नाई," अयूबभाऊ म्हणाले.

"अब्बा..."

"गाडी वेगळी, पोरगी वेगळी. रातभर गावोगाव फिराचं, पहाटे घरी याचं. नाई."

मोहसीनही चुळबुळला. "आपा, खरंच गा. थंडी असते, जागरण असते..."

"गाडी तूच चालवशील ना?" निशात म्हणाली. "का मले टपावर बसवशील?"

अकरमने खुर्ची पुढे ओढली. आज सकाळी तो इथे गाडी विकायला आला होता, ते त्याच्या डोक्यातून क्षणभर निघूनच गेलं. व्यवहार चांगला होता. आणि पुतणीच्या तोंडावर त्याने असा रंग बऱ्याच दिवसांनी पाहिला होता.

"भाईजान, काम आहे, कामाचा पगार आहे. यात वाईट काय आहे?"

"तू तं गाडी भंगारात देऊन राह्यला होता!"

"गाडी अजूनही देऊन टाका म्हणतो मी. पण पोरीचं वेगळं. आत्ता तुमीच म्हटलं ना, गाडी वेगळी, पोरगी वेगळी."

"अन् गाडी कोण देते?"

हे कनीज म्हणाली. ती दारात उभी होती, हात पदराला पुसत. "अकरम, जेवताना तू मले विचारलं. आता सांगते. मी त्या गाडीले चौदा वर्षं शिव्या देल्ल्या. तो माझा हक होय. पण तिनं हे घर चालवलं, मोहसीनले शिकवलं, निशातचं सामान माजरीहून तिनंच परत आणलं. तुझा भंगारवाला इथी आला ना, तं मी गाडीत जाऊन बसीन. उचलू दे त्याले क्रेननं मलेही."

पोचू आधी हसला. मग सोमारी, मग बिरजू, आणि मग अकरमलाही राहवलं नाही. क्रेनला लटकलेली भाबी त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. अयूबभाऊ मात्र हसले नाहीत.

"लोक विचारतीन, कनीज. अयूबची पोरगी नाटकवाल्यासंग कुठी जाते. मी काय सांगू त्याईले?"

उत्तर निशातने दिलं. आवाज चढवून नाही, पण एकदाही न अडखळता. "अब्बा, कंपनीतल्या बाया तुमच्याच गाडीत बसून गेल्या इतके वर्षं. त्याईच्याही बापाले लोक विचारतच असतीन. तुमी कवा त्या बायाईले नावं ठेवली का?"

"मी?" अयूबभाऊ चपापले. "मी कायले ठेवू? मेहनतीच्या बाया. एखादीचं लेकरू तापलं तं ते मांडीवर घेऊन गाडी चालवली मी."

"मंग?"

अयूबभाऊंनी मुलीकडे पाहिलं. ती मखमली कोट छातीशी धरून उभी होती. तिने याआधी काही मागितलं त्याला किती दिवस झाले, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि त्यांना आठवेना.

"पह्यल्या प्रयोगाले मी संग येतो," ते शेवटी म्हणाले. "माया डोळ्यानं पाहतो."

"मीही," कनीज म्हणाली. "चौदा वर्षात मले कोणी नाटक दाखवलं नाई."

अकरम त्या संध्याकाळी परत जाणार होता. गेला नाही. रविवारी तो नागपूरला गेला, कारण ब्लॉक न्यायला टेम्पो करण्यापेक्षा चाचाची नवी गाडी फुकट पडते, हे निशातने सगळ्यांसमोर सांगितलं. डिक्कीत आधी ताडपत्री, त्यावर पोती, त्यावर ब्लॉक. गाडीला डाग पडू नये म्हणून त्याने स्वतः दोनदा तपासलं. तरी बाजूचं कापड काळं झालंच. घरी आल्यावर तो डाग त्याने पाहिला आणि 'जाऊ दे' म्हणाला. कनीजने ते शेजारणीला दोनदा सांगितलं.

मधल्या दिवसांत अंगण म्हणजे कारखानाच झालं. मोहसीनने खोलताना प्रत्येक भाग चादरीवर ओळीने मांडला. बोल्टाला बोल्ट, झडपेला झडप, आणि त्या ओळीत कोणी पाय ठेवला की तो ओरडायचा. कनीजने दावतीचं मोठं भगोनं काढून दिलं, पुन्हा त्यात बिर्याणी करणार नाही असं बजावून. त्यात डिझेल ओतून सगळे भाग धुवायला बसले. निशात दात घासायच्या जुन्या ब्रशने कोपरे घासायची, अयूबभाऊ खुर्चीवर बसून एकेक भाग उन्हात धरायचे आणि "अजून काळं आहे" म्हणून परत द्यायचे. अकरम पहिल्या दिवशी पांढऱ्या पायजम्यात दुरूनच सूचना देत होता. दुसऱ्या दिवशी त्याने मोहसीनची जुनी लुंगी नेसली.

"दुकान कोण पाहून राह्यलं चाचा?" मोहसीनने विचारलं.

"पाहतीन पोट्टे. दे इकडे ते, तुले घासता नाई येत."

सोमारीही बाजाराला आली की येऊन बसायची. एकदा तिने मोटारीबाईलाही आणलं. काळी तुकतुकीत पोरगी, मुठी आवळलेली. बोअर होऊन आलेला ब्लॉक नुकताच उतरवला होता, आतून चांदीसारखा. मोहसीनने पोरीला त्याच्यापुढे धरलं. "हे पाह्य, तुझ्यापायी किती खर्च झाला ते!" पोरीने त्याच्या शर्टावर धार सोडली. सोमारी म्हणाली, हिशोब पूर्ण झाला.

झिंगू मिस्त्री इंजिन बसवायला आला तेव्हा सगळे भोवती उभे राहिले. पहिल्यांदा चावी फिरवली तर काही झालं नाही. दुसऱ्यांदा नुसता खोकला. अयूबभाऊ कडुनिंबाला टेकले होते आणि ओठांतल्या ओठांत काही म्हणत होते. तिसऱ्यांदा निळ्या धुराचा एवढा लोट उठला की कनीज "या अल्ला, पेटली!" म्हणून बादली आणायला धावली. धूर निवळला तेव्हा इंजिन चालू होतं. एकसारखं, खालच्या पट्टीत, न अडखळता. मोहसीनने स्टीअरिंगवर डोकं टेकवलं. अकरमने लुंगी सावरत टाळ्या वाजवल्या, आणि निशात बादली हातात घेतलेल्या आईला मिठी मारून हसत सुटली.

"आता ऐका," झिंगू म्हणाला. "नवा बोअर आहे. रिंगा बसेपर्यंत गाडी हळू चालवाची. चाळीसच्या वर नाई. पळवली तं पुन्हा मायाकडे येसान."

म्हणून कोसमटोल्याच्या प्रयोगाला सोनसळी रंगभूमी दुपारचं जेवण होताच निघाली.

पुढे मोहसीन आणि अयूबभाऊ. मधे राणी, प्रधान, दोन गाणाऱ्या पोरी. मागे निशात, कपडेपटाच्या पेट्या आणि कनीज. टपावर मुकुटांची पेटी आणि भाले. त्यांच्या मागे अकरमची गाडी, तिच्यात बिरजू आणि वादक. अकरमला एरवी समोर गाडी दिसली की पुढे काढल्याशिवाय चैन पडत नसे. आज त्याने एक-दोनदा हॉर्न दिला. कनीजने खिडकीतून हात काढून त्याला मागेच राहायची खूण केली, आणि तो राहिला. कुरखेड्याच्या पुढे एक म्हातारा सायकलवर धानाची पेंढी घेऊन त्यांच्या बरोबरीने बराच वेळ चालला. राणीने त्याला विचारलं, आबा, पुढे जाता का? तो म्हणाला, नाई वो, तुमची सोबत बरी वाटते.

जंगल लागलं. साजाच्या झाडांची मोठी पानं रस्त्यावर पडून होती, कापलेल्या धानाचे भारे बांधांवर रचलेले. गाडीत कोणीतरी गाणं धरलं, मग सगळ्यांनीच. अयूबभाऊ गात नव्हते. ते इंजिनाचा आवाज ऐकत होते. मधूनच आरशात पाहत होते. आरशात निशात राणीच्या केसांचं गंगावन गुडघ्यावर घेऊन विंचरत होती, आणि राणी तिला काहीतरी सांगत होती, आणि दोघी हसत होत्या.

कोसमटोल्यात पोचेपर्यंत ऊन उतरलं. दोन गाड्या, इतक्या हळू, आणि आतून गाणी. पोरं ओरडत धावत आली. बायका दारात आल्या.

"वरात आहे का वो? कोणाचं लगन?"

"इंजिनचं!" कनीजने खिडकीतून सांगितलं.

शाळेमागच्या मैदानात मंडप तयार होता. अयूबभाऊ गुडघा सांभाळत उतरले. पोचूने त्यांच्यासाठी खाट आणून टाकली, सोमारीने पाणी दिलं. ते बसले, पण नजर मंडपाच्या मागे बांधलेल्या कनातीकडे होती. निशात पेट्या मोजून आत घेत होती. भाले एकीकडे, मुकुट एकीकडे. बिरजू कोटासाठी हाका मारत आला तर तिने त्याला कनातीबाहेरच थांबवलं. "चिखलाचे पाय घेऊन इथी याचं नाई, बिरजूभाऊ. आधी धुवा." आणि सोनसळीचा राजा निमूटपणे पाय धुवायला गेला.

मंडपात जागा धरायला लवकर आलेला एक माणूस अयूबभाऊंच्या खाटेवर टेकला. शेजारच्या गावचा असावा. त्याने तंबाखू मळली, त्यांना विचारली, आणि हनुवटीने कनातीकडे दाखवलं.

"हे कोण बाई आहे गा? नवीन दिसते. मोठी जबर आहे."

अयूबभाऊंनी चिमूटभर तंबाखू घेतली. एरवी ते खात नसत.

"माझी पोरगी होय," ते म्हणाले. मग त्याने ऐकलं नसेल असं वाटून, जरा मोठ्याने, पलीकडे बसलेल्यांनाही ऐकू जाईल असं म्हणाले, "निशात. कंपनीचा सारा कपडेपट तिच्याकडे आहे."